वरून शाबूत, आतून संपलेलं

महिना-दोन महिने रोज २५-३० किलोमीटर चालायचं म्हटलं की पाय आणि सामान दोन्ही झिजतात. शरीराला वेळ दिला तर ते आपली डागडुजी आपणच करतं. सामानाचं तसं नसतं, आणि त्याची झीज बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण.

बुटाचंच बघा. माणसं बूट उलटा करून खालचं रबर तपासतात; खाचा शाबूत असल्या की समाधान. पण दणका झेलायचं काम रबर करत नाही. ते करतो रबर आणि पाय यांच्या मधला फोमचा थर, म्हणजे मिडसोल. हलक्या बुटांत हा फोम बहुधा ईव्हीए प्लास्टिकचा असतो. त्यात हवेचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात. पाऊल पडलं की ते चेपतात, उचललं की फुगतात. ७०० किलोमीटर चालण्यात एकेका पायाखाली साडेचार-पाच लाख दणके बसतात. हळूहळू कप्प्यांच्या भिंती दुमडतात, तडकतात आणि चेपलेला फोम चेपलेलाच राहतो. रात्रभर बूट काढून ठेवला की तो थोडा फुगतो, म्हणून सकाळी ठीक वाटतो आणि दुपारनंतर दगड टोचायला लागतात.

हलके बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वजनदार माणूस, जड पाठपिशवी किंवा खडकाळ वाट असेल तर आकडा खालचा धरावा. तपासायचं असं: मिडसोलच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का ते बघा. मग बूट सपाट जागी ठेवून मागून पाहा. टाच आत किंवा बाहेर कलली असेल तर तो बूट संपला. वाटेत काहीच बदललेलं नसताना गुडघे किंवा नडग्या अचानक दुखायला लागल्या, तर पहिला संशय बुटावर घ्यावा.

निघण्यापूर्वीच सगळे जोड विकत घेऊन ठेवणं हा हुशारीचा वाटणारा, पण अंगाशी येणारा बेत. सलग चालण्याने पाय सुजतात, पसरतात आणि अर्धा ते एक नंबर मोठा बूट लागतो. पहिला जोड थोडा सैल घ्यावा, पुढचा मात्र वाटेत पायाचं माप पाहूनच. माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेले जड बूट तर नकोतच. त्यांचा मिडसोल पॉलियुरेथेन नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा असेल, तर हवेतल्या दमटपणानेच त्याचे रेणू तुटतात आणि न वापरलेला तळही एखाद्या दिवशी भुगा होऊन गळतो.

आता विश्रांती. स्नायूंमधला साखरेचा साठा पोटभर पिष्टमय खाल्लं तर साधारण एका दिवसात भरतो, म्हणून एका सुट्टीनंतर ताजंतवानं वाटतं. हाडांचं वेळापत्रक वेगळं. नवा ताण पडला की हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला मात्र काही महिने लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर, नेमका दम वाढलेला असतो तेव्हाच, हाड सर्वांत नाजूक असतं. हाडाला बारीक चीर पडते ती याच काळात. पहिल्या महिन्यात अंतर बेताचं ठेवावं आणि दर सहा-सात दिवसांनी एक दिवस अजिबात चालू नये. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखत असेल आणि बसल्यावरही ठणकत असेल, तर एका सुट्टीने भागणार नाही. चालणं थांबवून डॉक्टर गाठायचा.

सुट्टीच्या दिवशी हात मोकळे असतात. तंबूची चेन मागे उघडी पडत असेल तर दोष बहुधा दात्यांचा नसतो, स्लायडरचा, म्हणजे चेन लावताना ओढतो त्या सरकत्या तुकड्याचा असतो. रेतीने त्याचे जबडे घासून फाकतात आणि दात्यांवरचा दाब कमी होतो. ब्रशने रेती झाडा, स्लायडर चेनच्या सुरुवातीला आणा आणि पकडीने त्याची मागची बाजू, म्हणजे जिथून मिटलेली चेन बाहेर पडते ती, हलकेच दाबा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी ओढून बघा. जोर जास्त लागला तर स्लायडर तडकतो.

पावसाळी जॅकेट ओलं वाटायला लागलं की लगेच फेकू नये. बऱ्याचदा वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप घाम-तेलाने निकामी झालेला असतो. कापड भिजतं, घामाची वाफ अडते आणि आपण आतूनच ओले होतो. सौम्य साबणाने धुऊन, भरपूर खळबळून, लेबलवर चालत असेल तर मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवलं की लेप बराचसा परत काम करतो. आतला थर पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर मात्र इलाज नाही.

पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर, म्हणजे बारीक छिद्रांच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी गाळून जंतू अडवणारा, सर्वांत फसवा. तो एकदा वापरून ओला झाला आणि रात्री गोठला, की बर्फ फुगून तंतू फाटतात. नंतरही पाणी नितळच येतं, धारही छान लागते, फक्त जंतू अडत नाहीत. थंडीत तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत घ्यावा. गोठल्याची शंका जरी आली तरी नवा आणावा, आणि तोवर पाणी उकळून प्यावं.