घसरत्या सुराचा पियानो: फ्लॉइड क्रेमरची पार्श्वभूमी

कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या संगीतात, पियानो तसा उपराच. फिडल (व्हायोलिन), गिटार, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची स्टील गिटार या सगळ्यांवर स्वर ताणता येतो. पियानोची पट्टी दाबली की स्वर ठरला, पुढे त्याचं काही करता येत नाही. १९५०च्या दशकात कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या पियानोवाल्यांपुढे हीच अडचण होती.

त्यांतलाच एक पियानोवादक फ्लॉइड क्रेमर. तो १९३३चा, जन्म लुइझियानातला. वाढला आर्कान्सॉतल्या हटिग या लाकूडगिरणीच्या गावात, आणि पियानो शिकला तो कानानेच. शाळा संपल्यावर श्रीव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड' या रेडिओ कार्यक्रमात साथीला लागला. १९५५मध्ये नॅशव्हिलला आला आणि पुढच्याच जानेवारीत एल्व्हिस प्रेसलीच्या 'हार्टब्रेक होटेल'वर वाजवून गेला.

दरम्यान स्टील गिटारच बदलली होती. गायक वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यासाठी १९५३मध्ये बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबून स्वर चढवला. एका तारेचा स्वर जागच्या जागी, दुसरीचा त्याच्याखालून वर सरकतो. हा आवाज मग सगळ्यांनाच हवा झाला.

तो पियानोवर आणण्याचं श्रेय सर्रास क्रेमरला दिलं जातं, ते अर्धंच खरं. 'प्लीज हेल्प मी, आय ॲम फॉलिंग' या गाण्याच्या डेमोत, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या ध्वनिमुद्रणात, गीतकार डॉन रॉबर्टसनने तसं वाजवलं होतं. १९६०मध्ये गायक हँक लॉकलिनसाठी ते गाणं करताना निर्माता चेट ॲटकिन्सने क्रेमरला तीच ढब उचलायला सांगितली.

करायचं असं: सी मेजरमध्ये (म्हणजे सी हा षड्ज धरून) उजव्या हाताची तर्जनी डीवर, करंगळी जीवर, दोन्ही एकदम. लगेच मधल्या बोटाने ई, डी सोडून द्यायचा, जी मात्र धरलेलाच. आपल्याकडे पेटीवर रिषभाचा कण देऊन गंधार घ्यावा, तसंच. फक्त वर पंचम वाजत राहतो. एफ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) जी-ए आणि वर सी, जी कॉर्डवर ए-बी आणि वर डी.

बिघडतं ते बहुधा पायामुळे. सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर घुमत ठेवणारं) आधीच दाबलेलं असेल तर डी आणि ई एकमेकांत कालवतात, म्हणून पेडल ई लागल्यावरच. डीवर रेंगाळलं की ते दोन सुटे स्वर ऐकू येतात. आणि काळ्या पट्टीवरून एकाच बोटाने ईवर घसरणं सोपं असलं, तरी ते अंतर अर्ध्या स्वराचं. त्यातून ब्लूज निघतो, स्टील गिटार नाही. इथे पूर्ण स्वराचं अंतर लागतं.

क्रेमरच्या स्वतःच्या, १९६०च्याच 'लास्ट डेट'ने ही ढब घरोघरी पोचवली. ते वादन अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. वर होतं प्रेसलीचं 'आर यू लोनसम टुनाइट?'. पुढच्या वर्षी त्याचंच 'ऑन द रिबाउंड' ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

नॅशव्हिलच्या स्टुडिओंत त्याच काळात हार्गस 'पिग' रॉबिन्स या आणखी एका पियानोवादकाचं नाव होऊ लागलं. लहानपणीच अपघातात दृष्टी गेलेला हा वादक अंधशाळेत पियानो शिकला होता. ध्वनिमुद्रणाच्या तीन तासांच्या एका सत्रात तीन-चार गाणी उरकायची, कागद वाचायची सोय नाही. गाणं एकदा ऐकून तो ते डोक्यात ठेवायचा. चार्ली रिचच्या १९७३च्या 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स'ची सुरुवात त्याच्याच हातची.

क्रेमर १९९७च्या ३१ डिसेंबरला गेला. २००३मध्ये त्याला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, रॉबिन्सला २०१२मध्ये.