मातीत कर्ब मुरतो तो मेलेल्या जीवाणूंमुळे

गव्हाचं काड न जाळता शेतात गाडलं, पाठोपाठ पुढची पेरणी केली, आणि काही आठवड्यांत कोवळी रोपं खालच्या पानांपासून पिवळी पडू लागली. हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मग कुणी म्हणतं, काड गाडणंच वाईट. कुणी म्हणतं, जमिनीला रासायनिक खताचं व्यसन लागलंय. दोन्ही चूक. तिथे नुसता नत्राचा जमाखर्च चुकलेला असतो.

शंभर किलो काड घ्या. त्यात साधारण 42 किलो कर्ब (कार्बन) आणि जेमतेम अर्धा किलो नत्र (नायट्रोजन) असतं. त्यावर जीवाणू आणि बुरशी तुटून पडतात. खाल्लेल्या कर्बातला मोठा वाटा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. समजा 30 टक्के, म्हणजे साडेबारा किलो, त्यांच्या शरीरात गेला. जीवाणूंच्या शरीरात दर आठेक भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं, म्हणजे इथे दीड किलोच्या आसपास. काडात अर्धाच किलो आहे. उरलेलं किलोभर ते मातीतून उचलतात, रोपाच्या तोंडचा घास काढून. तेवढं नत्र सव्वादोन किलो युरियात मिळालं असतं.

ही झाली पिकाची बाजू. मला खरं कुतूहल आहे ते हे जीवाणू मेल्यावर काय होतं याचं.

आपण शाळेत शिकलो की पाला कुजून ह्युमस नावाचा काळा, किचकट, सहज न कुजणारा पदार्थ बनतो. योहानेस लेमन आणि मार्कुस क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी 2015 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत या समजुतीलाच हात घातला. असा वेगळा, टिकाऊ पदार्थ मातीत तयार होतो याला पुरावा नाही. प्रयोगशाळेत अल्कली घालून अर्क काढला की तो दिसतो, असं त्यांचं म्हणणं. (बाजारातल्या ह्युमिक ॲसिडच्या बाटलीवरचे चमत्काराचे दावे वाचताना हे आठवावं.)

मग कर्ब टिकतो कसा? चिकटून. चिकणमातीचे कण इतके बारीक आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात की फुगणाऱ्या प्रकारच्या एका ग्रॅम मातीचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. त्यावर ऋण विद्युतभार असतो. मेलेल्या जीवाणूच्या पेशीभित्तिकेचे तुकडे आणि प्रथिनं यांच्यातले धनभारित अमिनो गट तिथे सरळ चिकटतात. ऋणभारित कार्बोक्सिल गटांना (सेंद्रिय आम्लांत असतात ते) मध्यस्थ लागतो: दोन धनभार असलेलं कॅल्शियम एक हात मातीला आणि दुसरा रेणूला देतं. लोहाच्या ऑक्साइडवर तर कार्बोक्सिल गट पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिलला हटवून त्याची जागाच घेतो. असा जखडलेला रेणू जिवंत जीवाणूंच्या विकरांच्या (एन्झाइमच्या) हाती सहजी लागत नाही. तो दशकानुदशकं, कधी शतकंही टिकतो. सुटं काड काही वर्षांतच संपतं.

म्हणजे दीर्घकाळ साठतो तो बराचसा जीवाणूंचा देह, आणि तो नुसत्या कर्बाचा बनत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत क्लाइव्ह कर्बी (आडनाव योगायोगाचं!) आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की मातीत एक टन कर्ब अशा रूपात मुरायला सुमारे 80 किलो नत्र, 20 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 14 किलो गंधक सोबत लागतं. काडाबरोबर ही अन्नद्रव्यं दिली तेव्हा त्यांच्या शेतातल्या प्रयोगात कर्ब वाढला; नुसतं काड दिलं तिथे उलट घटला.

सेंद्रिय आणि खनिज खत एकाच दाण्यात दाबून बनवलेली खतं मिळतात, त्यांच्यामागचं तर्कशास्त्र हेच. शिवाय स्फुरदाचा फायदा वेगळा: लोह आणि ॲल्युमिनियमच्या ज्या जागांवर ते अडकून पडतं, त्या जागा कंपोस्टमधली सेंद्रिय आम्लं आधी बळकावतात, आणि स्फुरद मुळांसाठी मोकळं राहतं.

तरी याला हवामानबदलावरचा रामबाण समजू नये. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात 1843 पासून शेणखत पडतंय. तिथला कर्ब खत न घातलेल्या वाफ्याच्या दुपटीहून जास्त झाला, पण वाढ सुरुवातीच्या दशकांत झपाट्याची होती, पुढे मंदावली. आणि नत्र गरजेपेक्षा जास्त ओतलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो.

हेक्टरभर जमिनीचा वरचा 30 सेंटिमीटरचा थर साधारण 3900 टनांचा. त्यातला कर्ब मातीच्या वजनाच्या 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 3.9 टन कर्ब मुरवायचा, आणि त्यासोबत 310 किलोच्या आसपास नत्र दीर्घकाळ अडकवून ठेवायचं. शेणखतातून त्यातलं बरंचसं येतं, मध्ये एखादं शेंगवर्गीय पीक घेतलं तर आणखी थोडं, आणि राहिलेलं गोणीतून.