कुठली शांतिसेना? काँगोतली की जाफन्यातली?

कोकणात फौजी गावांना तोटा नाही. महाड तालुक्यातल्या आंबवड्याचं तर नावच फौजी आंबवडे पडलंय. अशा गावांत गणपतीला घरोघर फिरताना एखाद्या तसबिरीकडे बोट दाखवून कुणीतरी सांगतं, "आमचे आजोबा शांतिसेनेत होते." सगळे माना डोलावतात. कुठल्या शांतिसेनेत, हे कुणी विचारत नाही.

फोटो नीट बघा. डोक्यावर आकाशी टोपी, मागे पांढरी गाडी आणि तिच्यावर 'यूएन' अशी मोठी अक्षरं असतील तर आजोबा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर होते. वर्दी आपलीच, पण पदकावर पृथ्वीचा गोल आणि ऑलिव्हच्या फांद्या. दुसरी शांतिसेना म्हणजे 1987 मध्ये श्रीलंकेत गेलेली. तिथल्या फोटोत यातलं काही सापडणार नाही. तिथे गेली ती सरळसरळ भारतीय फौज होती, हुकूमही भारताचाच.

संयुक्त राष्ट्रांची तुकडी जाते ती सुरक्षा परिषदेच्या ठरावावर, भांडणाऱ्या पक्षांच्या संमतीनं. कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि शस्त्र चालवायचं ते स्वसंरक्षणासाठी किंवा सोपवलेलं काम राखण्यासाठी. जवानामागे ठरावीक रक्कम संयुक्त राष्ट्रं त्या त्या देशाला देतात.

श्रीलंकेत कागद होता तो दोन सरकारांमधला. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केल्या. ज्यांच्याकडची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची होती, त्या एलटीटीईची, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या संघटनेची, त्यावर सहीच नव्हती! बांधावरचं भांडण सोडवायला गेलेल्या शेजाऱ्यानंच कोयत्याचा वार खावा, तसं झालं. ऑक्टोबरात 'ऑपरेशन पवन' सुरू झालं आणि उत्तरेतलं जाफना शहर रस्त्या-रस्त्यावर लढून घ्यावं लागलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनाही ही फौज नकोशी झाली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली.

तीन वर्षांच्या आत सुमारे 1,200 जवान मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या मोहिमा मिळून, सात दशकांत, भारतानं गमावले साधारण 180, आणि हाही आकडा कुठल्याही देशापेक्षा जास्त आहे. आकाशी टोपीचं कौतुक जगभर होतं. जाफन्याहून आलेल्यांच्या वाट्याला मात्र बराच काळ "तिकडे गेलातच कशाला?" एवढंच आलं. मला ते अन्यायाचं वाटतं. जायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

पण आकाशी टोपी म्हणजे बंदूक नुसती खांद्याला, असंही समजू नका. काँगोत फेब्रुवारी 1961 मध्ये सुरक्षा परिषदेनं यादवी रोखण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळाची मुभा दिली. त्याच वर्षी 5 डिसेंबरला तिथल्या एलिझाबेथव्हिल शहरात रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गुरखे घेऊन कितीतरी मोठ्या सशस्त्र तुकडीवर चालून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच.