स्पार्क प्लगची अवजारे : सोडवण्यापेक्षा आवळण्याचा विचार

पेट्रोल मोटारीचे स्पार्क प्लग घरी बदलायचे ठरले, की बहुतेक जण आधी जुना प्लग निघेल कसा याच विचाराला लागतात आणि त्यानुसार लांब दांड्याचा, भक्कम पाना शोधतात. वास्तविक जुना प्लग काढणे हे कामातले सोपे अंग आहे. नवा प्लग किती आवळायचा, हे ज्या अवजाराने ठरते त्याची निवड अधिक महत्त्वाची आहे, आणि घरगुती अवजारपेटीत नेमके तेच बहुधा नसते.

प्लग ठिणगी पाडतो हे सर्वांना ठाऊक असते, मात्र त्याच्या दुसऱ्या कामाकडे फारसे लक्ष जात नाही. ज्वलनकक्षात पोळून निघणाऱ्या टोकाची उष्णता त्याला सतत इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, पोहोचवावी लागते, आणि त्या उष्णतेचा बहुतांश भाग आटे व वायसर यांच्या वाटेने जातो. प्लगचे टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले, तर त्यावर बसणारा कार्बन जळून जातो आणि प्लग स्वच्छ राहतो. प्लग सैल बसला, तर धातूला धातू नीट टेकत नाही, उष्णता अडून राहते, टोक लालबुंद होते आणि ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटू लागते. अशा अकाली ज्वलनाने पिस्टनदेखील वितळू शकतो. उलट प्लग फाजील आवळला, तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

थोडे गणित केले की हे स्पष्ट होते. १४ मिलिमीटर आट्यांचा, सपाट वायसर असलेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पिळाने (टॉर्कने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने) आवळायचा असतो. कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटर पीळ दिला, की प्लगच्या धातूच्या अंगावर सुमारे ९,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९०० किलो वजनाइतका ताण येतो. हा पीळ २५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याने द्यायला हाताचा जोर मात्र अवघा १० किलोचा लागतो. बॉनेटवर वाकून उभ्या असलेल्या प्रौढ माणसाला ३० किलोचा जोर लावणे मुळीच अवघड नाही, आणि तसा तो लावला की पीळ थेट ७५ न्यूटन-मीटरवर जातो. हाताला आपण किती जोर लावतो आहोत याचा अंदाज येतो खरा, पण दांड्याची लांबी बदलली की तो फसतो.

म्हणून माझ्या मते घरी प्लग बदलू पाहणाऱ्याने पैसे खर्च करायचे ते टॉर्क रेंचवर, म्हणजे किती पीळ दिला ते दाखवणाऱ्या पान्यावर. तोही कोणताही चालत नाही. चाकाच्या नटांसाठी मिळणारा ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच इथे निरुपयोगी आहे, कारण आपल्याला हवा असलेला पीळ त्याच्या किमान मर्यादेच्याही खाली पडतो. शिवाय असे रेंच आपल्या मोजपट्टीच्या तळाशी फारसे विश्वासार्ह नसतात. १० ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपासचा, तीन-अष्टमांश इंची चौकोनी टोकाचा रेंच या कामाला योग्य ठरतो. खटका वाजणारा रेंच परवडत नसेल, तर काटा आणि पट्टी असलेला साधा वाकणारा रेंच घ्यावा. त्याच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि काटा शून्यावर आहे की नाही हे डोळ्यांनीच दिसते. एककांकडेही लक्ष हवे. काही पुस्तिकांत पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो, आणि तिथला २.५ म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर. एकक न वाचता आकडा लावणाऱ्याच्या हातून इथे दहापट घोळ होतो.

गोव्यात याच संदर्भात आणखी एक सापळा आहे. इथल्या पुष्कळ घरांत मोटारीशेजारी स्कूटर उभी असते, आणि गोटी (सॉकेट) पाना एकदा हाती आला की त्याच बैठकीत दोन्हींचे प्लग बदलण्याचा मोह होतो. अनेक मोटारींच्या प्लगचा षटकोन १६ मिलिमीटरचा असतो, तसाच तो अनेक स्कूटरच्या प्लगचाही असतो, त्यामुळे गोटी दोन्हींना चपखल बसते. मात्र अशा स्कूटरच्या प्लगचे आटे बहुधा १० मिलिमीटरचे असतात आणि त्यांना केवळ १० ते १२ न्यूटन-मीटर पीळ सोसतो. मोटारीसाठी लावलेला आकडा तसाच ठेवून स्कूटरचा प्लग आवळला, तर आटे हातात येतील. पान्याचे माप षटकोनावरून ठरते आणि पीळ आट्यांच्या व्यासावरून, हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत.

गोटी निवडताना आपल्या गाडीचे माप पुस्तिकेतून पाहून घ्यावे. १६ मिलिमीटरखेरीज काही नव्या इंजिनांत १४ मिलिमीटरचे प्लग आढळतात, आणि त्यांतल्या काहींना बारा कोनांची गोटी लागते. जुन्या गाड्यांत २०.८ मिलिमीटरचे माप सर्रास दिसते. षटकोनी प्लगला सहा कोनांची गोटीच घ्यावी. तिचा दाब कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर पडतो आणि षटकोन झिजत नाही. गोटीच्या आत प्लग धरून ठेवणारे रबर किंवा चुंबक हवे. रबर सैल झाले, तर ते प्लगलाच चिकटून विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, राहते, म्हणून मला चुंबकाची गोटी बरी वाटते. विहीर खोल असल्याने १५ सेंटिमीटरची किंवा त्याहून लांब जोडदांडी लागते. वाकणारा सांधा शक्यतो टाळावा. प्लगवरील पांढरे चिनीमातीसारखे आवरण ॲल्युमिना सिरॅमिकचे असते. ते दाब उत्तम सोसते, पण बाजूने आलेला वाक त्याला सोसत नाही. पाना तिरका झाला की त्याला बारीक चीर पडते, दिसत मात्र नाही, आणि पुढे गाडी मिस मारू लागते.

विहीर साफ करण्याचे साधनही अवजारांतच धरले पाहिजे. डिचोली, सत्तरी किंवा सांगेच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत लाल धूळ इंजिनच्या प्रत्येक खाचेत शिरते, आणि किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत बारीक वाळू. प्लगवर बसणारी, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल उचलल्यावर विहिरीच्या तळाशी प्लगभोवती ही धूळ साचलेली दिसते. प्लग तसाच फिरवला, तर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. त्यासाठी प्लग अर्धा फेरा सैल करावा, डोळ्यांवर चष्मा लावून दाबाची हवा मारावी, आणि मगच तो पूर्ण काढावा. हे सारे काम इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी करावे. तापलेले ॲल्युमिनियम मऊ असते आणि पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम हेडमध्ये आट्यांना इजा होते आणि पिळाचा आकडाही खरा राहत नाही.

नवा प्लग आट्यांत पहिल्यांदा लावण्यासाठी सर्वांत गुणी साधन म्हणजे वीतभर रबरी नळी. इंधनाच्या नळीचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल एवढा घ्यावा, प्लग त्याला लटकवून विहिरीत सोडावा आणि नळी दोन बोटांत फिरवावी. आटे सरळ लागले, तर प्लग अलगद खाली उतरत जातो. आटे तिरके लागले, तर नळी टोकावर घसरते आणि प्लग जागीच थांबतो. पाना ही सूचना देत नाही. तो वाकडे आटेही ताकदीने कापत जातो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना प्लग गंजून अडकेल ही भीती असते आणि ती रास्तही आहे, कारण खाऱ्या दमटपणात पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्यावर उपाय म्हणून आट्यांना ग्रीस लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. हल्लीच्या बऱ्याच प्लगांच्या आट्यांवर मुळातच धातूचा मुलामा असतो, त्यामुळे कंपनीने सांगितले नसेल तर ग्रीस लावू नये. घर्षण कमी झाले, की त्याच २५ न्यूटन-मीटरमध्ये ताण ९,००० वरून १२,००० न्यूटनांपर्यंत चढू शकतो. ओलावा टाळायचा असेल, तर वीज न वाहून नेणारे सिलिकॉन ग्रीस कॉइलच्या रबरी टोपीच्या आतल्या कडेला बोटाने पुसट लावावे. पावसाळ्यात तेवढे पुरते.

ठिणगीची फट मोजण्यासाठी तारेचा गेज घ्यावा. नाण्यासारखा, कडेने जाड होत जाणारा गेज इरिडियमच्या प्लगला लावू नये. अशा प्लगच्या मधल्या टोकाचा व्यास ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतका बारीक असतो, आणि गेज आत रेटताना ते तुटते. खोके उघडल्यावर फट पुस्तिकेतल्या मापाशी जुळते का, एवढे पाहून घ्यावे.

टॉर्क रेंच मिळालाच नाही, तर १४ मिलिमीटरचा, नव्या सपाट वायसरचा प्लग बोटांनी पूर्ण टेकवून वर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. शंकूच्या बैठकीचा, म्हणजे बिनवायसरचा प्लग असेल, तर फेऱ्याचा केवळ सोळावा भाग पुरतो. नेमका कोन बहुधा खोक्यावर छापलेला असतो. वायसर एकदा चेपली की ती पुन्हा तितकी चेपत नाही, त्यामुळे वापरलेला प्लग परत बसवताना हा कोन बराच कमी होतो.

खटक्याचा रेंच वापरून झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणात राहत नाही. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या हवेत उघडी ठेवलेली गोटी आठवडाभरातही तांबूस पडू शकते, म्हणून सगळी अवजारे तेलाच्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत.