‘नवीनच टाका की, डॉक्टर’

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलं, की हे वाक्य कानावर पडतं. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालाय, म्हणजे ती नासली. नासकं ठेवायचं कशाला, असं नातेवाइकांचं सरळ गणित असतं. गंमत अशी की सर्जन मंडळींचंही बरीच वर्षं हेच मत होतं. त्याआधी तर झडपेला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये या आजारावर व्याख्यानं दिली, तेव्हा निदानही फार अवघड होतं, आणि उपाय तर नव्हताच. रुग्ण जवळपास हमखास दगावत. चित्र पालटलं ते पेनिसिलिनने. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. तो भाग लोक आजही नुसता ‘एचए’ म्हणूनच ओळखतात.

पण औषधालाही धाप लागते. झडपेच्या पाकळीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिच्यावर जंतू, प्लेटलेट आणि फायब्रिन म्हणजे रक्ताच्या गुठळीतले धागे यांचा गोळा धरतो, त्याला डॉक्टर ‘व्हेजिटेशन’ म्हणतात. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर तो फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दर ठोक्याला फडफडताना दिसतो. त्यात लपलेले जंतू मारायला चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं. आणि जंतू मेले तरी पाकळीला पडलेलं भोक बुजत नाही. संसर्गातून वाचलेले रुग्ण मग गळत्या झडपेमुळे हृदय थकून जायचे.

१९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांच्यासोबत बनवलेली, पिंजऱ्यात छोटा चेंडू असलेली कृत्रिम झडप बसवली. तरी ताज्या संसर्गात परकी वस्तू शिवायची म्हणजे जंतूंना नवं घर देणं, ही भीती होतीच. १९६५ साली ड्यूक विद्यापीठातल्या वॉलेस आणि सहकाऱ्यांनी औषधांना न जुमानणारा संसर्ग चालू असतानाच झडप बदलली, आणि रुग्ण वाचला. तिथून ‘काढा आणि बदला’ हाच रिवाज पडला.

त्याची किंमत पुढे कळली. धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआरची तपासणी, आणि मेथी-पालक किती खायची याचा हिशोब. प्राण्याच्या ऊतीची झडप तरुण माणसात लवकर झिजते. कृत्रिम झडपेलाच पुन्हा संसर्ग झाला तर तो पहिल्यापेक्षा वाईट. आपल्याकडे १९९० च्या डिसेंबरात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची देशी झडप पहिल्यांदा बसवली गेली. तिने खर्चाचा प्रश्न बराच हलका केला, गोळीचा नाही.

पॅरिसचे सर्जन अलें कार्पेंतिए हा यातला मला सगळ्यात रोचक वाटणारा माणूस. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेली डुकराची झडप टिकाऊ करणारे तेच, आणि १९८३ साली ‘शक्यतो मूळ झडपच वाचवा’ असं पद्धतशीर मांडणारेही तेच. १९९० मध्ये त्यांच्याच गटाने ताज्या संसर्गातल्या दुरुस्त्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. युक्ती अशी: संसर्ग झालेला भाग निर्दयपणे कापायचा, पण चांगली पाकळी सोडायची नाही. भोकाला रुग्णाच्याच हृदयावरणाचं ठिगळ लावायचं, पाकळीला धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या दोऱ्यांजागी कृत्रिम दोरे ओवायचे. मग सिरिंजने जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, सलाइन भरून झडप गळते का ते पाहायचं; अगदी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघतो, तसं.

हे मायट्रल आणि ट्रायकस्पिड या, हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपांत जास्त जमतं. महाधमनीच्या झडपेत बहुधा बदलणंच भाग पडतं; गळू आजूबाजूला पसरलं असेल तर नक्कीच. संधिवाताच्या तापाने आधीच जाड, आखडलेली झडप, जी आपल्याकडे अजून दिसते, तीही दुरुस्तीला दाद देत नाही. आणि उशीर झाला तर ठिगळ लावायला पाकळीच उरत नाही. मोठं व्हेजिटेशन असलेल्या ७६ रुग्णांवरचा कोरियातला अभ्यास २०१२ साली आला. त्यात ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये गुठळी सुटून मेंदूत किंवा इतरत्र अडकण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं, तेव्हापासून ‘आधी औषधाचा कोर्स पुरा होऊ द्या’ हा आग्रह सैल झाला.

एवढं सांगूनही संमतीपत्रावर सर्जन दोन्ही लिहून घेतात: झडपेची दुरुस्ती, न जमल्यास बदल. पाकळी किती शिल्लक आहे ते हृदय उघडल्यावरच कळतं, आणि सही त्याआधी करावी लागते.