जलरंगाची कड गडद का होते?

जलरंग हे सर्वांत अवघड माध्यम, हातात उपजत कला असेल त्यानेच त्याच्या वाटेला जावे, असे नवशिक्याला हमखास ऐकवले जाते. मला हे मुळीच पटत नाही. सुरुवातीची चित्रे बिघडतात ती बहुतेकदा हात वाईट म्हणून नव्हे, तर कागदावरचे पाणी कुठून कुठे जाते हे कोणी समजावलेले नसते म्हणून.

साहित्याचे थोडक्यात सांगतो. जलरंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना कागदाशी बांधून ठेवणारा, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक असतो. प्रकाश या पातळ थरातून आत शिरतो, पांढऱ्या कागदावरून उलटतो आणि रंगातून पुन्हा गाळून डोळ्यांत येतो. म्हणून इथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच, आणि तो आधीपासून राखावा लागतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. पातळ कागदाचे तंतू ओले होऊन फुगतात, लाटा उठतात आणि खळग्यांत रंग साचतो.

आता कडेकडे वळू. पातळ रंगाचा एक ठिपका द्या आणि वाळू द्या. मधला भाग फिका पडतो, भोवती गडद रेघ उमटते. कॉफीच्या डागाचीही अशीच कड उरते. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन, सिडनी नेगल, थॉमस विटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. थेंबाची कड पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे जागच्या जागी अडकते. पाणी कमी होत असतानाही ती आत सरकू शकत नाही. त्यातच बाष्पीभवन कडेपाशी सर्वांत जोरात होते, कारण तिथल्या वाफेला बाजूची मोकळी हवा मिळते. कडेचे पाणी उडाले की ती जागा भरायला मधले पाणी बाहेरच्या दिशेने वाहते आणि कणांना सोबत नेते. पाणी उडून जाते, कण कडेला साठतात.

याचे गणितही सुंदर आहे. थेंब अगदी चपटा असेल, म्हणजे त्याचा पृष्ठभागाशी होणारा स्पर्शकोन शून्याजवळ असेल, तर कडेजवळचा बाष्पीभवनाचा वेग कडेपासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर चौथाई झाले की वेग दुप्पट. स्पर्शकोन वाढत ९० अंशांवर गेला की कडेजवळची ही वाढ उरत नाही आणि बाष्पीभवन सगळीकडे सारखे होते. कागदावर पसरलेला रंग चपटाच असतो, म्हणून तिथे कड ठळक उमटते.

कागद पाणी शोषतो, त्यामुळे प्रकरण थोडे गुंतते. चित्रकलेच्या कागदाला जिलेटिनसारखी खळ दिलेली असते. ती शोषण लांबवते आणि रंग वर खेळायला वेळ मिळतो. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पसरून दिलेल्या पातळ रंगाच्या थरात, ओथंबलेला ब्रश टेकवला, तर जास्त ओल्या जागेचे पाणी कमी ओल्या तंतूंत केशाकर्षणाने घुसते, वाटेतले सुटे कण पुढे ढकलते आणि थांबते तिथे फुलकोबीसारखी दातेरी कड सोडते. नवशिक्या घाबरून ती पुन्हा पुन्हा पुसतो, म्हणजे आणखी पाणी घालतो. वाळू देणे हाच त्यावर उपाय.

रंगांचेही स्वभाव असतात. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात; थॅलो निळ्याचे अतिसूक्ष्म कण तंतूंना चिकटतात आणि सहज उचलले जात नाहीत.

‘उजवा मेंदू जागवून कलाकार बना’ अशा जाहिरातींना भुलू नये. २०१३ साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. माणसे ‘उजव्या मेंदूची’ आणि ‘डाव्या मेंदूची’ अशी विभागली जातात, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

त्यापेक्षा कागदाची चकाकी पाहायला शिकावे. कागद चकाकतो आहे तोवर वर पाणी उभे आहे. दुसरा रंग सोडला तर तो मऊपणे पसरेल. चकाकी मावळली की पाणी तंतूंत उतरलेले असते, आणि फुलकोबीचा धोका याच वेळी सर्वाधिक. कागद वाळलेला दिसला तरी बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून पाहावी. गार लागला तर बाष्पीभवन अजून चालू आहे, कारण उडणारे पाणी उष्णता घेऊन जाते. गारवा संपल्यावरच त्यावर दुसरा पारदर्शक थर द्यावा, आणि तोही ब्रश एकदाच फिरवून, कारण डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो.