ब्रेडीची कारकीर्द आणि ‘टक रूल’चा गुंता

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २०००च्या ड्राफ्टमधला (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती फेरी) १९९वा नंबर, त्याच्याआधी उचलले गेलेले सहा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू), ही गोष्ट इतकी उगाळून झाली आहे की इथे ती पुन्हा नको. न्यू इंग्लंड संघाच्या टॉम ब्रेडीच्या नावाला चिकटलेला पहिला मोठा वाद १९ जानेवारी २००२च्या रात्रीचा. फॉक्सबरोचं जुनं स्टेडियम, बर्फ पडतोय, प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना.

ओकलंड १३, न्यू इंग्लंड १०, आणि दोन मिनिटंही उरलेली नाहीत. ब्रेडीने पाससाठी हात पुढे आणला, मग बेत बदलून चेंडू परत छातीकडे घ्यायला लागला. तेवढ्यात ओकलंडचा एक बचावपटू (मिशिगन विद्यापीठात तो ब्रेडीच्याच संघात होता) मुसंडी मारून अंगावर आला. चेंडू बर्फात पडला आणि ओकलंडने त्यावर झडप घातली. निर्णय फम्बल, म्हणजे हातातून सुटलेला चेंडू, जो मिळवेल त्याचा. सामना संपल्यात जमा होता. मग रेफरी रिप्ले बघून आले आणि त्यांनी जाहीर केलं: इन्कम्प्लीट पास, म्हणजे कुणी न झेललेली फेक. चेंडू न्यू इंग्लंडकडेच राहिला.

टक म्हणजे खोचणं, चेंडू अंगाशी घेणं. १९९९मध्ये आलेला नियम सांगत होता की हात एकदा हेतुपुरस्सर पुढे आला की फेक सुरू झाली. मग विचार बदलून चेंडू अंगाशी घेताना तो सुटला, तरी ती फेकच. पुरता अंगाशी आल्यावर सुटला तर मात्र फम्बल. सगळी भानगड या ‘पुरता’मध्ये. ओकलंडवाल्यांचं म्हणणं असं, की ब्रेडीचा डावा हात चेंडूला लागला होता, म्हणजे खोचणं उरकलं होतं. पण नियम लिहिलाय तसा वाचला तर रेफरींचं चुकलं नाही. नियमच अडाणी होता. ‘चोरी, चोरी’ म्हणणारे आणखी एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. त्याच मोसमात, २३ सप्टेंबरला, जेट्स संघाविरुद्ध हाच नियम न्यू इंग्लंडच्या अंगाशी आला होता. योगायोग असा की त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जबर जखमी होऊन ब्रेडीला जागा मिळाली, तीही त्याच सामन्यात.

पुढचं भराभर झालं. २७ सेकंद उरले असताना बर्फातून ४५ यार्डांची, बरोबरी साधणारी किक, जादा वेळेत १६-१३, आणि पंधरा दिवसांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, २०-१७. मग न्यू इंग्लंडकडून आणखी पाच आणि टँपाकडून एक, अशी एकूण सात विजेतेपदं. मध्ये चेंडूतली हवा कमी केल्याच्या आरोपाच्या प्रकरणात २०१६ला चार सामन्यांची बंदी. २०२२च्या फेब्रुवारीत निवृत्ती, मार्चमध्ये माघार, २०२३ला कायमची निवृत्ती.

टक रूल त्याच्या आधीच गेला. मार्च २०१३मध्ये संघमालकांनी तो २९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकला. दोन संघ तटस्थ राहिले. त्यांतला एक न्यू इंग्लंड.